बिल्ल्यावर काय लिहायचं

३ फेब्रुवारी २००४, मंगळवार

आणि वर डॉक्टर मॅडम म्हणतात, राग मानू नका. मानणार! का नाही मानायचा? आयुर्वेदिक केंद्रात आज सगळ्यांना बिल्ले वाटले. प्लास्टिकचे, मागं टाचणी. सविताच्या बिल्ल्यावर मसाज थेरपिस्ट. माझ्या बिल्ल्यावर मदतनीस. कोमट तेल तळहातावर कसं धरायचं ते जिला मी शिकवलं, कोपरापर्यंत ओघळायचं सगळं तिचं, ती थेरपिस्ट. आणि मी टॉवेल धुणारी. कुंभमेळ्याच्या आधी केंद्र उघडलं तेव्हा मॅडम स्वतः आल्या होत्या मला न्यायला. पंचवटीत घर विचारत विचारत. तेव्हा कुणी दहावी विचारली नाही.

म्हटलं, मी हा लावणार नाही.

"कमलताई, नियम आहे. दहावी पाहिजे, नाहीतर आपला कोर्स करून परीक्षा द्यायची. तोपर्यंत पेशंटला एकटीनं हात लावायचा नाही."

मग घ्या परीक्षा, म्हटलं. चौथी झालीय माझी. वाचता येतं, लिहिता येतं. हळू येतं.

तर म्हणाल्या, रोज घरी चार ओळी लिहीत जा, हात वळेल. म्हणून हे. लेकीची, मनीची, कॉलेजची जुनी वही, मागची पानं कोरी आहेत.

बिल्ला पिशवीत टाकला. लावला नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी क्लास. मॅडम फळ्यावर लिहितात. अभ्यंग म्हणजे अंगाला तेल लावणं. बरं. दिवाळीला आख्खं गाव अभ्यंगच करतं, त्याला कोर्स कशाला? बोलले नाही. बोलले, पण हळू. सविता फिसकन हसली, मॅडमनी दोघींकडं बघितलं.

टेबलाचं जमत नाही. लाकडी उंच टेबल, त्यावर पेशंट आणि आपण उभं. आजवर मी खाली बसूनच केलं. पाय लांब करायचे, नडग्यांवर बाळ, बाळाचं डोकं माझ्या पावलांशी. बाळंतीण असेल तर चटईवर. टेबलावर माणूस आडवं घातलं की मला कसंतरीच होतं.

दुसरं. काम झालं की मी बोटं मोडते. समोरच्याच्या तोंडावरनं हात फिरवायचे आणि आपल्या कानशिलावर कडाकडा मोडायची. दृष्ट जाते. सासूनं हात शिकवला तेव्हा हे पण शिकवलं, त्याशिवाय मालिश पुरी होत नाही. आज सरावाला सविता टेबलावर होती. तिची मोडली.

मॅडम: "हे इथं नको. पेशंट म्हणजे तान्हं बाळ नाही."

सवय आहे, म्हटलं.

"परीक्षेत मार्क जातील."

मॅडम गेल्यावर सविता: "मावशी, माझी मोडा तुम्ही. मला लय लागते लोकांची." टवळी.

८ फेब्रुवारी, रविवार

मनीला बघायला आले. ओझरचे. मुलगा विमानाच्या कारखान्यात. बाप, मुलगा आणि आमचे आण्णा. आण्णा म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ, तेही तिथंच कामाला, स्थळ त्यांनीच आणलं. मुलाची आई आली नाही. गुडघे धरलेत, एसटीत चढवत नाही म्हणे.

मुलगा बरा आहे. लाजत बसला नाही, घरभर नजर पण फिरवली नाही. पोहे संपवले. मनीला विचारलं, पुढं शिकायचंय का. ती हो म्हणाली तर म्हणाला, शिका की मग. मला आवडला. मनीला पण. न सांगता दोनदा पाणी घेऊन बाहेर आली.

बापानं विचारलं, वहिनी काय करतात? हे म्हणाले, आमचं फुलांचं दुकान, गंगाघाटावर, आणि ही मालिशीला जाते.

"बाळबाळंतिणीच्या? वा. पुण्याचं काम."

इथंच झालं असतं. पण मनीला राहवलं नाही. मोठ्या तोऱ्यात: "आता आई मसाज सेंटरला असते. गंगापूर रोडला!"

बापानं बशी खाली ठेवली.

आण्णा मधे पडले. आयुर्वेदिक हो, आयुर्वेदिक. डॉक्टरीण आहे तिथं. "हो हो," बाप म्हणाला, आणि उठला.

जाताना द्राक्षं दिली होती पिशवी भरून. ती ओट्यावरच राहिली. विसरले का ठेवून गेले, देव जाणे.

११ फेब्रुवारी, बुधवार

वाण्याकडं आण्णांचा फोन. वाणी साखर मोजतोय आणि कान इकडं.

"वहिनी, एक विचारायचं होतं. रागावू नका."

जो उठतो तो रागावू नका.

"तिथं पुरुष पण येतात का?"

येतात. गुडघे काय बायकांनाच असतात?

"तसं नाही. त्यांना कोण... म्हणजे तुम्ही..."

पुरुषांना पुरुष करतो, बायकांना आम्ही. मधे भिंत आहे. विटांची.

"मला माहीत आहे हो. पण परवा पेपरात आलं ना, मसाजच्या नावाखाली कुठं तरी धाड पडली. इकडं कॉलनीत तेच चाललंय. मुलाची आई म्हणते..."

काय म्हणते?

"म्हणते, बघू."

बघू म्हणजे काय? लग्न हाय का पिच्चर? आण्णांनी फोन ठेवला.

मालिशवाली होते तेव्हा कुणाच्या पोटात दुखलं नाही. मागच्या दारानं जायचे, चहाचा कप वेगळा, पण चार दिवसांचं पोर बिनधास्त हातात द्यायचे. आता पुढच्या दारानं जाते, चप्पल काढायला फळी आहे, तर विचारतात आत काय चालतं.

मनी जेवली नाही. मी पण जेव म्हटलं नाही. कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

नीट लिहिता येत नाही आज.

एक बाई आली. पोटरी दुखते म्हणाली. ऑपरेशन होऊन अंथरुणात होती बरेच दिवस. मॅडम वरच्या मजल्यावर. सविता तेल आणायला गेलेली. मला एकटीला हात लावायचा नाही, माहीत आहे. पण बाई कळवळत होती. बघितलं तर एकच पाय सुजलेला, लालसर, हाताला गरम. मला वाटलं वात धरलाय, दाबला की मोकळा होईल. अंगठा टेकवणार तेवढ्यात मागून सविता ओरडली, "मावशी! हात नका लावू!" आणि मनगटच धरलं माझं. त्या एवढ्याशा पोरीनं.

मॅडम पळत आल्या. रिक्षा बोलावली, बाईला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. मग मला म्हणाल्या, अशा पायात शिरेत गाठ असू शकते. दाबली की सुटते, छातीत जाते. माणूस बसल्या जागी जातं. मागच्या आठवड्यात क्लासमधे हेच सांगितलं होतं, तुमचं लक्ष कुठं होतं?

माझं लक्ष बिल्ल्यात होतं.

सविताच्या वाटचे टॉवेल पण मीच धुतले. तिनं धुऊ दिले. बरं केलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

गाठच निघाली. बाई ठीक आहे.

कधी मालिश करायची नाही, तो धडा पाठ करते आहे. ताप असताना. कातडीला जखम असताना. एकच पाय सुजला असताना. मनी म्हणाली, आई, मोठ्यानं नको. मग भांडी घासताना मनात.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

नवीन बाई आली, गुडघेवाली. अंगानं भरलेली, नाकात मोठी नथणी, पर्स उशाशी ठेवली आणि एक हात तिच्यावरच. मॅडम म्हणाल्या, कमलताई, तुम्ही करा, सविता जवळ उभी राहील. गुडघे बघितले. दोन्ही सारखे, सूज नाही, गरम नाही. सविताकडं बघितलं, तिनं मान हलवली. मग तेल.

बाईचं तोंड काही थांबेना.

"हे दार आतून लागतं का?"

लागतं. अंगाला तेल असताना वारा लागला तर कुडकुडाल.

"बाहेरून बघायला भोक वगैरे काही?"

तुम्हाला बघून घ्यायचंय का कुणाला दाखवायचंय?

सविता खोकली. बाई हसली नाही.

"पुरुषांकडचे लोक इकडं येतात का?"

मधे भिंत आहे. हात लावून बघा उठल्यावर.

"तुमच्या घरी चालतं का हे?"

घरीच तर शिकले, सासूकडून.

गुडघ्याच्या वाटीभोवती अंगठा फिरवला तसा श्वास सोडला तिनं. डोळा लागला. झालं तेव्हा हळूच उठवलं, पाय खाली सोडले, आणि हात गेलेच माझे. तिच्या तोंडावरनं फिरवले आणि कडाकडा मोडली. सविता डोळे वटारतेय. बाई बघतच राहिली. म्हणाली, "पुन्हा मोडा." मोडली.

जाताना खरंच भिंतीला हात लावून गेली! काय एकेक येतात.

१८ फेब्रुवारी, महाशिवरात्र

हे पहाटेच गेले बेलाचे भारे घेऊन. दुपारी आले, रताळं खाल्लं, म्हणाले, "सोड ना ते सेंटर. बाळंतिणी काय कमी झाल्यात नाशकात?"

म्हटलं, आणि एखाद्या बाळंतिणीचा पाय सुजला असला तर? माझ्या मागं कोण उभं राहणार, सविता?

त्यांना काही कळलं नाही. सांगितलं पण नाही. ओझरहून काहीच नाही. मनी वाण्याकडं उगाच जाते, काडेपेटी आण, मीठ आण. घरात तीन मिठाच्या पुड्या झाल्या.

२१ फेब्रुवारी, शनिवार

परीक्षा.

लेखी: हात दुखला. अक्षर मोठं येतं, पान लगेच भरतं. काही प्रश्न सोडले, संस्कृत नावं होती. मालिश केव्हा करू नये, ते मात्र सगळं लिहिलं. पोटरीचं दोनदा लिहिलं.

प्रात्यक्षिक: बाहेरून आलेल्या परीक्षक बाई स्वतःच टेबलावर झोपल्या. पाठ आणि खांदे. पाठ दगडासारखी. हात चांगला चालला. शेवटी त्या उठून बसल्या आणि मी दोन्ही हात कमरेशी पदरात खोचून घेतले. घट्ट. मोडली नाहीत. जेवून पाणी न पिता उठल्यासारखं झालं.

"हात का लपवलेत?" त्यांनी विचारलं.

थंडी, म्हटलं.

घरी आल्यावर मोरीत उभी राहून मोडली. तिच्या नावानं. तिला काय लागायची ती लागू नये.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

पास. लेखीत काठावर. असू दे. काठावर पण अलीकडच्या.

नवा बिल्ला. मसाज थेरपिस्ट, कमल. एक एक अक्षर वाचलं. सवितानं स्वतः टाचणी लावली, "मावशी, आता तुम्ही माझ्यावर ओरडायचं नाही, आपण सारख्या." ओरडणारच. मॅडमनी पेढा दिला.

केंद्रातून घरापर्यंत पदरावर तसाच ठेवला. पुलावर भाजीवाली म्हणाली, काय गं कमल, बँकेत लागलीस का?

ह्यांनी बघितलं, "छान आहे." मनीनं बघितलं आणि मीठ आणायला गेली. बिल्ला मी कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला.

२९ फेब्रुवारी, रविवार

आण्णा आले. बरोबर मुलाची आई. दारात बघते तर ती गुडघेवाली! नथणी तीच, पर्स तीच.

"तुम्ही?"

"मीच. राग मानू नका, विहीणबाई. पोराचं आयुष्य आहे. बघून आले."

एसटीत चढवलं वाटतं, म्हटलं.

"तुमच्याच हातानं."

बसा म्हटलं. मनीनं चहा दिला, बशीत सांडला.

ती बाई सरळ आहे, ते मान्य. म्हणाली, "मी दार बघितलं, भिंत बघितली. आणि तुम्ही बोटं मोडलीत ना, तेव्हाच मला कळलं, ही घरंदाज बाई आहे. माझ्या मनात काही नाही. मुलगी पसंत. पाडव्याला सुपारी फोडू."

मनी आत पळाली. मी म्हटलं, मग झालं की.

"झालंच. फक्त एक. आमच्याकडं सांगताना तुम्ही दवाखान्यात आहात म्हणायचं. नर्स."

मी नर्स नाही.

"मला माहीत आहे. मी आले, बघितलं. पण सगळी कॉलनी घेऊन मी येऊ का तुमची भिंत दाखवायला? पोराला कारखान्यात काय म्हणतील माहीत आहे? सासूच्या सेंटरला आम्हाला पण ने. जेवणाच्या सुट्टीत रोज. तुम्हाला ऐकायचं नाही, त्याला ऐकायचंय."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मुलगा डोळ्यासमोर आला, पोहे संपवणारा.

आण्णा: "वहिनी, एक शब्द तर आहे."

उद्या कुणी इंजेक्शन द्यायला बोलावलं तर?

"रिटायर झाले म्हणा!" आण्णा हसले. एकटेच.

मी म्हटलं, सांगते. तिनं उठताना खिळ्याकडं बघितलं. "तो तेवढा काढून ठेवा. पुढच्या वेळी माझे दीर येतील बरोबर."

गेल्यावर हे म्हणाले, म्हण ना नर्स. मेलं काय जातं.

२ मार्च, मंगळवार

बिल्ला खिळ्यावर नाही. सगळीकडं बघितलं. शेवटी देव्हाऱ्याच्या खणात, वातींच्या खाली. मनी.

"तुझ्या बिल्ल्यासाठी माझं लग्न मोडणारेस का तू?"

तोंड कुणी उघडलं होतं पहिल्यांदा? सेंटर सेंटर कुणी केलं?

"मला अभिमान वाटला म्हणून बोलले!" रडायलाच लागली. "आता लाज वाटायची वेळ आणलीस."

हे मधे, "दोघी गप्प बसा, शेजारी ऐकतात." ऐकू द्या.

मग मी तिला पोटरीचं सांगितलं. घरात आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. म्हटलं, उद्या तुझ्या सासरी कुणाचा पाय सुजेल. मला विचारतील, नर्स आहे ना. माझ्या शब्दावर जातील. मला बाळ कळतं, बाळंतीण कळते, पाठ कळते. जेवढं कळतं तेवढंच नाव पाहिजे मला. कमी नको, तसं जास्त पण नको. कमी दिलं तेव्हा भांडले, आता जास्त देतायत तर घेऊ?

ती डोळे पुसत म्हणाली, "पण आता तुला कळतं ना? आता तू दवाखान्यात जा म्हणूनच सांगशील. मग नर्सच झालीस की."

पोरीचं डोकं चालतं. माझ्यावर गेलीय, तेच वाईट.

बिल्ला परत खिळ्यावर लावला. तिनं काढला नाही. बघितलं पण नाही.

३ मार्च, बुधवार

केंद्रात लक्ष लागेना. सविताला म्हटलं, तुझ्या सासरी काय सांगितलंस? म्हणाली, "मावशी, मी ब्युटी पार्लर सांगितलंय." आणि बिल्ला? "रिक्षात बसले की पर्समधे." हसत सांगत होती. मग हसायची थांबली.

मॅडमना विचारलं, बिल्ल्यावर मालिश लिहिता येईल का, मसाजच्या जागी? म्हणाल्या, कोर्सचं नाव आहे ते, बदलता येत नाही. आणि बदलून काय होणार, कमलताई, ज्याला वाकडं बोलायचंय तो त्यालाही बोलेल.

खरं आहे. मग आता शब्दावर भांडण नाहीच. कोण कुणाच्या मागं उभं राहणार, एवढंच.

४ मार्च, गुरुवार

आण्णांना निरोप द्यायचा नाही असं ठरवलं. आण्णा सगळं तुपात घोळून सांगतात. ओझरवालीच्या शेजारी फोन आहे, नंबर घेतला. मनीला म्हटलं, चल, तू लाव.

"मी?"

तुझं लग्न आहे. तू लाव.

वाण्याकडं गेलो. वाण्याला म्हटलं, भाऊ, तुम्ही जरा बाहेर उभे राहा. राहिला बिचारा. मनीनं आकडे फिरवले. शेजारीण बोलवायला गेली. मनीनं फोन माझ्या हातात दिला, पण गेली नाही, तिथंच उभी. तिनं ओढून घेतला असता तर मी दिला असता. खरंच दिला असता.

"बोला विहीणबाई."

म्हटलं, गुडघे कसे आहेत?

"बरे आहेत. काय ठरलं?"

म्हटलं, सुपारी फोडायला आम्ही तयार. मुलगा मला पसंत आहे, तुम्ही पण पसंत आहात. भिंतीला हात लावून बघणारी बाई मला आवडते. पण नर्स मी होणार नाही. कुणी विचारलं मुलीची आई काय करते, तर सांगायचं, बायकांची मालिश करते, शिकून करते, गंगापूर रोडला. आणि तुमच्या कॉलनीत कुणी वाकडं बोललं तर तुम्ही बोलायचं, मी आत जाऊन आलेय. पोरावर टाकायचं नाही ते. तुम्ही बोलायचं. तुमचे गुडघे साक्षीला आहेत.

तिकडं कुकरची शिट्टी झाली.

"घरात विचारावं लागेल. बघू."

बघू नको, म्हटलं. बघून झालंय तुमचं.

"मुलीला विचारलंत का हे?"

मनीकडं बघितलं. ती गुळाच्या ढेपेकडं बघत होती, ओठ दाताखाली. डोळे कोरडे. हो पण नाही, नाही पण नाही.

म्हटलं, तिलाही तेवढेच दिवस, तुम्हालाही तेवढेच. रंगपंचमीपर्यंत. रहाडीत, त्या रंगाच्या हौदात, पहिली उडी पडायच्या आत मला दोघींकडून उत्तर पाहिजे. हो का नाही.